कुणाच्या हातांनी?

प्रिय बाय,

परवा तू कॉलेजच्या प्रोजेक्टची फाईल ठेवून गेलीस ती दोनदा वाचली. एकदा चहा पिता पिता आणि एकदा पेन हातात घेऊन, आणि दुसऱ्यांदा वाचताना राग आला म्हणून मुद्दाम लगेच फोन केला नाही. राग तुझ्यावर नाही. तुम्हाला हे ज्या पद्धतीने शिकवतात त्याचा आहे, आणि थोडा माझा माझ्यावर आहे, तो का ते पुढे येईलच.

तू पायरीवर चप्पल घालता घालता डोळ्यांत पाणी आणून विचारलंस, काका, मला वर्कफोर्स प्लॅनिंगपण, म्हणजे कामाला किती आणि कोण माणसं लागतील ते ठरवणं, आवडतं आणि प्रॉडक्ट डेव्हलपमेंटपण आवडतं, मग मी एचआर घेऊ की मार्केटिंग, फॉर्म सोमवारी भरायचाय. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुला माहीत आहे. मला एवढंच दिसलं की तुझ्या फाईलमधलं पान १४ आणि पान ३१ एकमेकांना ओळखतच नाहीत.

पान १४ वर तुझं प्रॉडक्ट आहे. बेबिंका, आपली गोव्याची थरांची मिठाई, व्हॅक्यूम पॅक, एअरपोर्टवर आणि हॉटेलांत विकायची, बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा शिक्का बॉक्सवर, रोज २०० नग. आयडिया, स्क्रीनिंग, कन्सेप्ट टेस्ट, टेस्ट मार्केटिंग, सगळ्या पायऱ्या ओळीने लिहिल्यास, चित्रंपण छान. आणि पान ३१ वर, मनुष्यबळ, कुशल कामगार ५. बस. एक ओळ.

हे पाच कुठून आले? कुणाच्या हातांनी होणार तुझी बेबिंका?

आता माझ्याबरोबर मोज. बेबिंका सात थरांची. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो तांबूस झाला की तूप सोडायचं, मग पुढचा थर. दोन थर एकदम ओतता येत नाहीत, आलेच तर ती बेबिंका नव्हे. २०० नग म्हणजे १४०० थर. पाच माणसांत वाटले तर प्रत्येकी २८०. आठ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे एका थराला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि त्यात नारळाचं दूध काढायचं, अंड्यातलं पिवळं वेगळं करायचं, डबे धुवायचे, पॅकिंग करायचं, जेवायचं. मोठ्या ओव्हनात एकदम दहा-बारा डबे बसतात, मला माहीत आहे, पण मग तो ओव्हन कुठल्या पानावर आहे? आणि रंग बघून आता तूप सोड असं सांगणारी बाई कुठल्या पानावर आहे? तुझ्या गाईडनी यावर फिजिबल असा शेरा मारलाय. ते वाचूनच पेन खाली ठेवलं मी.

तू म्हणशील काका खूप बारीक बघतात. बघतो, कारण मी हे न बघता एकदा आपटलोय.

२०१२ ची गोष्ट. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट, आठ बायका सोलायला. एका हॉटेलची ऑर्डर आली, दिवाळीच्या गिफ्टसाठी मसाला काजूचे १२०० बॉक्स, पाव किलोचा एक, म्हणजे ३०० किलो, आणि सगळा माल २४० नंबरचा अख्खा. हा नंबर म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त २४० गर बसतात, नंबर लहान तितका गर मोठा, भाव जास्त. मसाला मी स्वतः तयार केला होता, खोलाची मिरची, थोडी आमसुलाची आंबट चव. चव घेऊन हॉटेलचा माणूस खूश, मी त्याच्याहून खूश. हिशेब कागदावर मांडला. एक बाई दिवसाला १० किलो सोलते, आठ बायकांचे ८०, म्हणजे ३०० किलो चार दिवसांचं काम, माझ्याकडे तर तीन आठवडे आहेत. सही केली.

चूक सापडली तुला? शोध, पुढे वाचू नकोस लगेच.

सोललेला सगळा माल २४० नंबरचा अख्खा निघत नाही. आमच्या बियांत पाच किलो गर सोलला तर त्यात एखादा किलो तसा यायचा, बाकी ३२०, ४५०, पाकळी, तुकडा. म्हणजे ३०० साठी १५०० किलो सोलायला हवा होता. चार दिवसांचे झाले एकोणीस, तेपण आठही बायका रोज आल्या तर. आणि ऑक्टोबर होता. ऑक्टोबरात भाताची लुवणी, म्हणजे कापणी. तीन बायका पहिल्याच आठवड्यात शेतात गेल्या, त्यांनी मला सांगितलंही होतं, मी ऐकलं नव्हतं. राहिल्या पाच, म्हणजे पूर्ण महिना. आणि अजून मसाला लावायचा, भाजायचं, बॉक्स भरायचे, ते कुणी करायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मला वाटलं माणसांना काय तोटा. त्याच सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या होत्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचाही हुकूम आला, गावोगावी खनिज वाहणारे टिप्पर ट्रक दारात उभे, माणसं रोज येऊन काम विचारत होती. सहा जणांना घेतलं. चांगली, कष्टाची माणसं. पण बोरम्यातून, म्हणजे सुकवायच्या भट्टीतून, आलेला गर काचेसारखा असतो बाय, त्याची साल बोटाच्या टोकाने सोडवायची, अंगठा पाठीकडून पोटाकडे एकदा हलका फिरवायचा, चाकू फक्त चिकटलेल्या ठिकाणी लावायचा. जरा दाबलं की दोन पाकळ्या, आणि पाकळी झाली की अख्ख्याचा भाव गेला. पंधरा वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाच्या बोटांत तो गर टिकतच नव्हता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच उठला, म्हणाला, मी नुकसान करतोय तुमचं. माणसं होती, हात नव्हते. सगळं वर्कफोर्स प्लॅनिंग मला त्या दिवशी कळलं आणि तोवर उशीर झाला होता.

मग मी पाच बायकांना रात्री थांबवलं. नऊ वाजता ट्यूबलाईटखाली डोळे ओढत सोलत होत्या, तुकडा वाढत होता. एका ताटात निम्मा तुकडा बघितला आणि सगळ्यांसमोर ओरडलो, हे कुणाच्या हातांनी झालं? आमच्यात सगळ्यात जुन्या होत्या त्या मावशी, बारा वर्षं माझ्याकडे, त्या म्हणाल्या, माझ्याच हातांनी, पण हे तू आधी विचारायला हवं होतंस. चाकू पुसला, टेबलावर ठेवला आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, चहा दिला, काजूचा विषय काढू दिला नाही.

११० किलो माल हॉटेलला गेला, बाकीची ऑर्डर रद्द. बाहेरून २४० विकत घेऊन बॉक्स भरता आले असते, बरेच जणांनी तेच सांगितलं, पण बॉक्सवर सत्तरीच्या बिया असं छापलं होतं आणि ते खोटं मी करणार नव्हतो, आजही करणार नाही. मी तेव्हा आळशी नव्हतो, लबाडही नव्हतो. बँकेचा हप्ता होता, बापाच्या नावाची जमीन गहाण होती, आणि सांगायला कुणी नव्हतं. प्रॉडक्टची चव बघायला दहा जण आले, हे कुणाच्या हातांनी होणार असं एकानेही विचारलं नाही. मीही नाही. म्हणून तुला विचारतोय आणि तुला कंटाळा येईपर्यंत विचारणार आहे.

आता पुस्तकाचं. टेलर तुला परीक्षेला आहेच, कामाचं माप काढणारा तो अमेरिकन इंजिनिअर. बेथलेहेम स्टील या पोलादाच्या कारखान्यात लोखंड उचलणाऱ्या माणसाचं दिवसाचं काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीसवर नेलं, फावड्यात एका वेळी २१ पौंड हे माप काढलं. त्याने माणसाला यंत्रासारखं वागवलं म्हणून टीका करतात, ती बरोबर आहे, तूपण परीक्षेत लिही. पण तो फावड्याजवळ उभा राहिला हे तरी घे. फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं तू घडाघडा म्हणतेस, तो १८६० मध्ये १९ वर्षांचा असताना कोळशाच्या खाणीवर इंजिनिअर म्हणून लागला आणि आपलं म्हणणं पुस्तकात आणलं १९१६ मध्ये. मध्ये किती वर्षं गेली मोज. तुझ्या नोट्समध्ये ती वर्षं नाहीत, फक्त १४ मुद्दे आहेत. आणि तुमच्या सिलॅबसमध्ये मनुष्यबळाचा धडा एका सेमिस्टरला, प्रॉडक्टचा दुसऱ्या, शिकवणारे वेगळे, पेपर वेगळा. पोरांना वाटतं या दोन गोष्टी आहेत. नाहीत गं. नवीन माल म्हणजे कुणाच्यातरी हाताला नवीन काम, तो हात आहे का, शिकायला किती दिवस घेईल, त्याच्या जुन्या कामाचं काय होईल, हे ठरल्याशिवाय प्रॉडक्ट ठरत नाही.

डिमांड फोरकास्ट, सप्लाय फोरकास्ट, गॅप, म्हणजे किती माणसं लागतील, किती मिळतील, किती कमी पडतील, बरोबर आहे सगळं. पण सप्लाय म्हणजे डोकी नव्हेत. आणि गोव्यात तर हे सगळं पंचांग आणि पावसावर चालतं. गणेश चवथीला एक आठवडा युनिट बंद समज, कितीही ओव्हरटाईम दे. गावची जत्रा, शिगमो, लुवणी. ऑक्टोबर ते मार्च हॉटेलांना माणूस हवा, तेव्हा तुझ्याकडचा पोरगा दोन हजार जास्त मिळाले की किनाऱ्यावर जाणार, पावसात परत येणार. बाहेरून आलेला कामगार मे महिन्यात गावी गेला की जूनमध्ये येईलच असं धरू नकोस. आणि चांगला तयार झालेला मुलगा सरकारी नोकरीचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी नाही, त्याला दोष देऊ नकोस, त्याच्या जागी कोण शिकतोय ते आधीच लिहून ठेव. तुझ्या फाईलमध्ये बारा महिन्यांचा तक्ता आहे, विक्रीचा. तसाच हातांचा तक्ता काढ आणि दोन्ही शेजारी ठेव. डिसेंबरमध्ये तुझी विक्री सगळ्यात वर आहे, आणि बेबिंका करणारी प्रत्येक बाई डिसेंबरमध्ये स्वतःच्या घरच्या नाताळात असते. हे दिसलं का तुला? मला पहिल्या वाचनातच दिसलं.

त्या दिवाळीनंतर माझ्याकडे तुकड्याच्या गोण्या पडून होत्या. तोच मसाला तुकड्याला लावला, ५० ग्रॅमचं पाकीट केलं, आसपासच्या तावेर्नांत, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानांत, ठेवलं. ते अजून विकतंय, घर त्याच्यावर चाललंय. आमच्या हातांतून जे निघत होतं त्यातून ते प्रॉडक्ट निघालं. आता नवीन काही करायचं तर आधी बायकांसमोर ठेवतो, दोन दिवस त्या करून बघतात, मी घड्याळ लावून बाजूला बसतो. मध लावलेला काजू करायचा होता, त्या म्हणाल्या पावसात चिकटतो, हात धुण्यातच दिवस जातो, सोडून दिला. डिस्ट्रिब्युटर आजपण टोचतो. माझा धाकटा भाऊ म्हणतो म्हणूनच तू लहान राहिलास. राहिलो असेन. पण त्यानंतर माझी एकही ऑर्डर अर्धी गेली नाही आणि एकही बाई रडत घरी गेली नाही, याच्यापुढे मोठं होणं म्हणजे काय ते त्याने मला समजावून सांगावं.

तर एचआर की मार्केटिंग. खरं सांगू, मला हा प्रश्नच पटत नाही, पण फॉर्म तर भरायचाय. तुझा कल माणसांकडे आहे, फाईलमधल्या एवढ्या प्रॉडक्टच्या पानांतसुद्धा तू विकणाऱ्या पोराच्या ड्युटीच्या वेळा लिहिल्यास, ते दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं. एचआर घे. पण प्रोजेक्ट प्रॉडक्टवरच ठेव, बदलू नकोस, आणि गाईड म्हणाले की हा एचआरचा विषय नाही तर त्यांना माझ्याकडे पाठव, नाहीतर नको, मी तोंडाचा तिखट आहे, तूच पान ३१ नीट लिहून त्यांच्यासमोर ठेव. पाच हा आकडा खोडून टाक आत्ताच. त्या जागी कोरं ठेव. मोजल्याशिवाय तिथे काही लिहायचं नाही. २०० चे ४० झाले तरी चालतील. तुला वाटेल प्रोजेक्ट लहान दिसेल, दिसू दे.

आमच्या शेजारच्या आंटीला मी विचारलंय. तिच्याकडे शनिवारी नातीचा वाढदिवस आहे, शुक्रवारी दुपारी दोनला ती बेबिंका करायला बसते, अजून मातीच्या भांड्यात, वर सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, विस्तव ठेवून. तू ये म्हणाली, पण मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, तिला आवडत नाही, थर करपतो. तू नुसतं बस. वही आण आणि काट्याचं घड्याळ, मोबाईल आमच्या घरी ठेव. प्रत्येक थराला किती मिनिटं, मध्ये ती कितीदा उठली, कशासाठी उठली, तूप सोडायच्या आधी कशाकडे बघते, सगळं लिही. चार-पाच तास लागतील, आईला सांगून ये. जुना ड्रेस घाल, तुपाचे डाग जात नाहीत.

तुझा
काका