कोळसुंदे वाघाला आंधळा करतात का?

प्रश्न : आमचं गाव शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या जंगलाच्या अंगाला. आजोबा सांगायचे, कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे झुडपांवर मुतून ठेवतात. वाघ त्यातून गेला की ते त्याच्या डोळ्यांत जातं, तो आंधळा होतो आणि मग टोळी त्याला फाडते. हे खरं का? आणि चांदोलीत वाघ स्थिरावले तर कोळसुंद्यांचं काय होईल?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : वनरक्षक असताना वारणेकाठच्या वाड्यावाड्यांत मी हीच गोष्ट ऐकली आहे. मुतानं वाघ आंधळा होत नाही. पण आजोबांच्या पिढीनं पाहिलेलं खोटं नव्हतं. कोळसुंदे झुडपांवर मुतून हद्द राखतात, आणि वाटांच्या तिठ्यावर अख्खी टोळी एकाच जागी विष्ठा टाकते. ती काडीनं उकलली की सांबराचे राठ केस निघतात. आंधळं करण्यासारख्या ऐकीव कथांनी या जनावराचं फार नुकसान केलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं, याचं मला आजही वाईट वाटतं.

चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्याखाली, म्हणजे कातळपठाराखाली, एकदा थंडीच्या सकाळी सात कोळसुंद्यांनी एक सांबरीण पाण्यात रेटलेली मी पाहिली. भुंकणं नाही, नुसती शीळ. एकानं घातली की पलीकडून दुसऱ्याची. ती बाहेर येताच पोटाला भिडले, जीव जायच्या आत खायला सुरुवात. लोकांना हे क्रूर वाटतं. मला त्यात घाई दिसते. मोठा शिकारी आला तर तोंडचा घास जातो, म्हणून मिळेल तेवढं पोटात भरून घ्यायचं.

तो मोठा शिकारी म्हणजे वाघ. कोळसुंदा पंधरा किलोच्या आसपास, मोठा नर वाघ दोनशेच्या घरात. एका पंजात खेळ संपतो. पण वाघ एकटा असतो. पाय जायबंदी झाला तर त्याला शिकार आणून देणारं कोणी नाही. म्हणून मोठ्या टोळीपुढून तो बाजूला होतो, आणि टोळीही त्याला उगाच डिवचत नाही. टोळीनं वाघ मारल्याच्या, त्यात स्वतःचेही बरेच गमावल्याच्या हकिकती जुन्या शिकाऱ्यांनी लिहिल्या आहेत. वाघानं कोळसुंदे मारल्याच्या नोंदीही आहेत. रोजचा व्यवहार मात्र एकमेकांना टाळण्याचा.

दोघं एकाच जंगलात कसे नांदतात ते कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट या वन्यजीव संशोधकांनी मोजलं. १९९५ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात वाघाच्या शिकारीचं सरासरी वजन ९१.५ किलो भरलं, कोळसुंद्याच्या शिकारीचं ४३.४. वाघाचा ओढा गवा-सांबराकडे, कोळसुंद्याचा चितळाकडे. शिवाय वाघ बहुतेक रात्री फिरतो, कोळसुंदा उजेडी.

आपल्याकडे घोडं इथंच अडतं. सह्याद्रीच्या या दाट जंगलात चितळ मुळात नव्हतंच. सागरेश्वर अभयारण्यातून आणून सोडावं लागलं. कोळसुंदा सांबरावर जगला, आणि वाघालाही सांबरच हवं. २०१८ च्या मे महिन्यात इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला तेव्हा मला आनंद झाला, पण लगेच मनात आलं, सांबर पुरेल का? पुरलं तर दोघंही नांदतील. नाही पुरलं तर आधी हाल कोळसुंद्यांचे होतील, असं माझं मत आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. गावची कुत्री जंगलात शिरतात आणि त्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग कोळसुंद्यांना लागू शकतो. तो टोळीच्या टोळी संपवू शकतो. घरच्या कुत्र्याला या रोगाची लस टोचून घ्या, शेजाऱ्यांनाही सांगा.