बाटलीवरचे 99.9 टक्के आणि गोठ्यातलं शेण

प्रश्न : आमच्या दावणीला सहा देवणी गाई आहेत. हिवाळ्यात एकीला लाळ्या-खुरकुताची लागण झाली. मी लगेच गोठाभर जंतुनाशक फवारलं. बाटलीवर ‘99.9 टक्के विषाणू नष्ट’ असं छापलेलं होतं. तरी आठ दिवसांत आणखी तिघी लंगडायला लागल्या. असल्या औषधांची तपासणी खरंच होते का?
– एक पशुपालक ताई, जि. लातूर

उत्तर : ताई, तपासणी होते. मी प्रयोगशाळेत बरीच वर्षं हेच काम केलं. पण आधी एक सांगतो. या रोगाची लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात. त्या तिघींना तुम्ही फवारण्याआधीच लागण झालेली असू शकते. मनाला लावून घेऊ नका.

आता तपासणीचं. युरोपातल्या प्रमाणित पद्धतीत एक भाग विषाणू, एक भाग घाण म्हणून प्रथिनांचं द्रावण आणि आठ भाग औषध एकत्र करतात. ठरलेली मिनिटं भरली की औषधाची क्रिया तिथंच थांबवायची. मग मिश्रण दहा-दहा पट पातळ करत जिवंत पेशींवर घालायचं. विषाणू जिवंत असेल तर पेशी मरतात.

सुरुवातीच्या काळात माझ्या एका ताटलीतल्या सगळ्या पेशी मेल्या. औषध निकामी, असं मी लिहूनही टाकलं. आमच्या मॅडमनी विचारलं, “विषाणू न घालता नुसतं औषध घातलेल्या पेशी बघितल्या का?” बघितल्या, तर त्याही मेलेल्या! पेशी औषधानंच मारल्या होत्या, विषाणूचा काही पत्ताच लागत नव्हता. त्या दिवसापासून कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी नुसत्या औषधाच्या पेशींचा रकाना शोधतो.

त्या पद्धतीत विषाणू 10,000 पटींनी घटला तरच औषध पास, म्हणजे 99.99 टक्के. दहा लाख विषाणू धरा. 99.9 टक्के मेले तरी 1,000 उरतात, 99.99 ला 100. छापताना एक नऊ कमी-जास्त वाटतो, गोठ्यात तो दहापट असतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तपासणी कुठल्या विषाणूवर केली. लम्पीच्या किंवा कोविडच्या विषाणूला चरबीचं वेष्टन असतं, ते साबणानंही फाटतं. खुरकुताच्या विषाणूला ते नाही. तो पोलिओच्या कुळातला. फिनेलसारखी औषधं त्याच्यावर फारशी चालत नाहीत आणि ब्लीचिंगचा क्लोरीन शेणातच खर्च होतो. मात्र आंबट (आम्ल) किंवा सोड्यासारखं क्षारयुक्त त्याला सोसत नाही.

म्हणून धुण्याचा सोडा घ्या, खायचा नव्हे. दहा लिटर पाण्याला 400 ग्रॅम. आधी खराट्यानं शेण, मूत, गव्हाणीतला उष्टा कडबा पूर्ण काढा, पाण्यानं धुवा, मग सोड्याचं पाणी टाकून अर्धा तास जमीन ओली ठेवा. हातमोजे घाला. जनावराच्या अंगावर किंवा तोंडातल्या फोडांवर हे पाणी पडू देऊ नका, गव्हाण नंतर साध्या पाण्यानं धुवा. ब्लीचिंगमध्ये आम्ल कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि दर सहा महिन्यांनी द्यायची खुरकुताची लस चुकवू नका. तारीख गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.