दस्ता हलतो, छर्रा भरकटतो

प्रश्न : माझ्याकडं ४.५ एमएमची ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) एअर रायफल आहे, दस्ता सागवानी. दोन पावसाळे खाल्ल्यापासून दहा मीटरवर जे छर्रे पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसायचे ते आता बशीभर पसरून राह्यले. घरीच बेडिंग (दस्ता अन् लोखंडामधली फट ग्लूनं भरणं) करतो म्हणतो, पहिल्यांदाच. बाबांची लायसनची रायफल बी सोबत करून टाकू का?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बाबांच्या रायफलला हात नका लावू भाऊ. लायसनच्या हत्याराची दुरुस्ती शस्त्र कायदा १९५९ नुसार लायसनवाल्या कारागिराचंच काम. एअर रायफलचं करा खुशाल.

पण आधी नुसते स्क्रू कसून पाच छर्रे पुठ्ठ्यावर मारून पाहा. स्प्रिंगवाली बंदूक दोनदा झटका देते, पिस्टन पुढं पळाला की मागं येते अन् पिस्टन टोकाला आदळला की पुढं जाते, त्यात दस्त्याचे स्क्रू ढिले होतातच.

तरी फरक नाही पडला तर दस्ता काढा. दस्त्याबाहेर बंदूक कॉक करायची नाही, म्हणजे नळी मोडून स्प्रिंग चढवायची नाही, बोटं जातील. लाकडात तेल मुरलेलं असतं त्यावर अराल्डाइट धरत नाही, म्हणून खाच पटाशीनं थोडी खरवडून घ्या. ग्लू फक्त सिलिंडरच्या मागच्या टोकाखाली अन् पुढच्या स्क्रूंजवळ लावायचा, ट्रिगर अन् कॉकिंगच्या खाचेत थेंबही नको, तिथं मुलांची क्ले भरा. पाच मिनिटवाला नको, हळू वाळणाराच घ्या, अन् मे महिन्यात तर पहाटेच कालवा, आपल्याकडच्या गर्मीत तो हातातच घट्ट होतो. मग बंदूक दस्त्यात परत बसवा, स्क्रू बोटानं फिरतील तेवढेच लावा, कसले तर लोखंड ताणलेलं राहते अन् ग्लू तसाच वाळतो. मग २४ तास विसरून जा.

सगळ्यात महत्त्वाचं मेण, तेही ग्लूच्या आधी, म्हणजे लोखंड चिकटत नाही. ग्लू लागणाऱ्या सगळ्या लोखंडाला, स्क्रूच्या आट्यांनाही, बूट पॉलिशचे दोन हात. मी पहिल्या वेळी एकच स्क्रू विसरलो अन् बंदूक दस्त्यात जी चिकटली ती दोन दिवस निघेना, बायको म्हणे आता काठी म्हणूनच वापरा. शेवटी पॉलिथिनमध्ये गुंडाळून गावातल्या कुल्फीवाल्याच्या आडव्या फ्रीजरमध्ये रातभर ठेवली, थंडीनं लोखंड आकसलं अन् सकाळी रबरी हातोडीच्या दोन ठोक्यात टक् करून सुटली. कुल्फीवाला अजून विचारते, बंदूक कोणत्या फ्लेवरची होती.

जोडून झालं की स्क्रूचं डोकं अन् शेजारचं लोखंड मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.