लादीखालची ऊब आणि कोकणातली ओल

प्रश्न : गुहागरजवळ आमचे चिऱ्याचे घर आहे. जून ते सप्टेंबर लादी सतत ओलसर राहते. पुसल्यावर तासाभरात पुन्हा दव धरते. सासूबाई मोजे घातल्याशिवाय पलंगावरून पाय खाली टेकवत नाहीत. जर्मनीत मुलाच्या घरी लादीखालून उबदार ठेवलेली जमीन पाहिली. तशी सोय इथे करावी का? — एक वाचक

उत्तर : घरभर करू नये, न्हाणीघरापुरती करण्यास हरकत नाही. तिकडे लादीखालच्या नळ्यांतून साधारण ३५ ते ४५ अंशांचे पाणी खेळवतात, किंवा विजेच्या तारांची जाळी अंथरतात, ती गारठलेले घर तापवण्यासाठी. आपल्या किनाऱ्यावर त्रास थंडीचा नाही, ओलीचा आहे आणि ही ओल दोन वाटांनी येते.

हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. लादी त्याहून गार असली की हवेतलीच वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. ही ओल लादी दोन-तीन अंश उबदार झाली तरी थांबते. जोत्यातून वर चढणारी ओल मात्र उबेने लादीवर सुकत राहील आणि खालून येतही राहील. आपल्याकडे कोणती आहे ते आधी पाहावे. हातभर प्लास्टिकच्या तुकड्याच्या चारही कडा चिकटपट्टीने लादीवर घट्ट बसवून तो दिवसभर तसाच ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या वर जमले तर ते हवेतले, खाली जमले तर जमिनीतले. जमिनीतले निघाल्यास पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढणे हे पहिले काम. उबेचा विचार त्यानंतर.

खर्चाचे गणितही घरभर जाळीच्या विरोधात जाते. चार चौरस मीटरच्या न्हाणीघराला १५० वॅट प्रति चौरस मीटरने ६०० वॅट लागतात, म्हणजे दोन तासांत सव्वा युनिटच्या आत. साठ चौरस मीटरच्या घराला १०० वॅटनेही सहा किलोवॅट होतात, आणि ऐन पावसात वीज गेल्यावर (ती जातेच) घरगुती इन्व्हर्टर हा भार पेलणार नाही.

न्हाणीघरात जाळी बसवल्यास थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला जाळी बंद करणारे उपकरण) आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच टाळू नये. युरोपात राहत्या खोलीतील लादीचे तापमान २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. सासूबाईंना मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा असेल, तर न्हाणीघरातही हीच मर्यादा पाळावी. पलंगाजवळ मात्र काथ्याची जाड चटई पुरेल, ती अधूनमधून उचलून वाळवावी.