भरघोस, भरघोष आणि द्राक्षांचा घोस

शहापूरच्या एका तरुणानं विचारलंय. फ्यूजीज या अमेरिकन हिपहॉप त्रिकुटाच्या 'द स्कोअर' या १९९६ च्या अल्बमवर त्यानं लेख लिहिला, त्यात 'श्रोत्यांचा भरघोस प्रतिसाद मिळाला' असं वाक्य होतं. घरी आलेल्या एका निवृत्त मास्तरांनी लाल शाईनं 'स' खोडून 'ष' केला. शिवाय रॅप म्हणजे घोषणाबाजीच, तेव्हा 'भरघोष'च शोभतो, अशी पुस्तीही जोडली. आता खरं काय? आणि अल्बम 'तो' की 'ते'?

भरघोसच. मास्तरांनी खोडलेला 'स' परत लिहून टाका.

हा 'ष' आमच्या बेळगावात निवडणूक आली की फ्लेक्सवर उगवतो: 'भरघोष मतांनी विजयी करा'. सभेत घोषणा होतात म्हणून मतंही घोष करत येतात, असा काहीतरी हिशोब असावा. मास्तरांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हेही सांगतो. मनुष्यचा माणूस झाला, वर्षाचं वरीस झालं, मग घोषाचा घोस का नाही? आवाजाच्या नियमानं होऊ शकतो. पण अर्थाचं काय? भरघोस पीक म्हणतो आपण, भरघोस उत्पन्न म्हणतो. जोंधळ्याचं कणीस कधी ओरडलंय? आणि जयघोषाला 'जयघोस' कुणी म्हणतं का? तिथं ष जागचा हलला नाही आणि इथं मात्र हलला, हे कसं?

घोस म्हणजे फळांचा झुपका. मोल्सवर्थच्या कोशात हाच अर्थ आहे, पण त्यासाठी कोश उघडायची गरज नाही. माघ-फाल्गुनात अथणीकडची द्राक्षं आली की बाजारात जा. गेल्या वर्षी मी अर्धा किलो मागितली आणि वजन जुळवायला एक झुपका मधेच तोडायला लागलो. विकणारी मावशी खेकसली, "आण्णा, घोस मोडू नको, मणी गळत्यात!" तराजूचा काटा पार खाली गेलेला, देठ एक आणि त्याला पन्नास-साठ मणी दाटीनं लगडलेले. तोच 'भरघोस'. घोस भरलेला आहे, मधे एकही मणी गळालेला नाही. केळीला मात्र घोस म्हणू नका. केळीचा घड किंवा लोंगर, आणि घडातली एक ओळ म्हणजे फणी.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडं येतो. हा घोस आला कुठून? संस्कृतवादी मंडळी गुच्छाकडं बोट दाखवतील: मत्स्याचा मच्छ, मच्छाचा मासा, तसा गुच्छाचा घोस. ठीक आहे, चालेल. पण जुन्या छपाईत 'घोंस' असा नाकातला अनुस्वार दिसतो, तो गुच्छात कुठाय? आमच्याकडं दोन पावलं पुढच्या गाडीवर कन्नड गिऱ्हाईक त्याच द्राक्षांच्या झुपक्याला 'गोंचलु' म्हणतं. केळीच्या घडाला 'गोने', द्राक्षांना 'गोंचलु'. म्हणजे आपण घड आणि घोस यांत करतो तोच फरक, तोही तितक्याच काटेकोरपणे! अनुस्वार आहे, ओकार आहे, अर्थ तर हुबेहूब. माझं मत गोंचलुच्या पारड्यात.

हे बोललं की इथं काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं १९५६ साली. अक्का, तूप आणि अडकित्ता त्याच्या कितीतरी आधी कन्नडातून येऊन मराठी घरात नांदत होते. ज्याला त्याला ओढून संस्कृताच्या ओसरीवर बसवायची कोशकारांची खोड मला पटत नाही. शेजारच्या घरातून वाटी आली असेल तर तसं म्हणावं की. बुडावर कुणाचं नाव कोरलंय ते बघायला वाटी उलटी करायची, इतकंच काम.

मला खरा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. 'अवकाळीनं भरघोस नुकसान', 'अल्बमवर भरघोस टीका' असं लिहितात तेव्हा. अहो, नुकसानीचे मणी कुठल्या देठाला लागतात? भरघोस म्हणजे 'खूप' नव्हे. हाताला फळ लागलं तरच भरघोस. टीकेला सडकून, नुकसानीला अतोनात. शब्द आहेत, वापरा.

हां, फ्यूजीज. वाइक्लेफ जीन, लॉरिन हिल आणि प्राझ. नाव 'रेफ्यूजी'वरून, वाइक्लेफ नि प्राझ यांच्या हैती देशाच्या मुळांशी जोडलेलं. १९९४ चा त्यांचा पहिला अल्बम फारसा चालला नाही. तिथं कुणी 'भरघोस' लिहिलं असतं तर मी स्वतः लाल शाई काढली असती. 'द स्कोअर' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि १९९७ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. इथं तुमचा शब्द चपखल बसतो. रॅप ही घोषणाबाजी आहे का, हे मास्तरांनी एकदा ऐकून ठरवावं. लॉरिन हिल त्यात गातेही, आणि काय गाते! पण घोषणा असल्या तरी त्या गाणाऱ्यांच्या. तुमच्या वाक्यातला प्रतिसाद ऐकणाऱ्यांचा आहे.

आणि अल्बम 'तो'.