‘न्यू फोल्डर (७)’मधले फोटो

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : २००६ पासूनचे फोटो लॅपटॉपवर आहेत, अंदाजे चाळीस हजार. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (७)’, ‘मोबाइल बॅकअप’, ‘मोबाइल बॅकअप फायनल’ अशी फोल्डरं, एकाच्या पोटात दुसरं. काही फोटो तीन-तीन ठिकाणी आहेत. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आवरायला बसण्याआधी बाहेरून जोडायची एक हार्डडिस्क आणा आणि आहे तो सगळा पसारा, एकही फाइल न हलवता, तिच्यावर उतरवून ठेवा. काम संपल्यावरही सहा महिने ती पुसू नका. पसाऱ्यात फोटो सहसा हरवत नाहीत. ते उडतात आवरताना.

जागेचा हिशोब असा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा जेपेग फोटो ३ ते ५ एमबी, म्हणजे चाळीस हजारांचे १६० जीबीच्या आसपास. खरी जागा खातात व्हिडिओ : फोर-केचं एक मिनिट १७० ते ३५० एमबी. तेव्हा किमान १ टीबीची डिस्क घ्या. विंडोज ती ९३१ जीबी दाखवेल. दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. घरात मॅकही असेल तर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नुसतं विंडोज असेल तर एनटीएफएस. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही.

आता मांडणी. ‘फोटो’ नावाचं एकच मुख्य फोल्डर, त्यात वर्षाची फोल्डरं, वर्षात प्रसंगांची. प्रसंगाचं नाव असं : ‘२०१४-०५-११ अथर्वची मुंज’. (छापताना आकडे देवनागरीत आले आहेत, संगणकावर ते इंग्रजीच टाका.) आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवस नेहमी दोन आकडी. असं केलं की नावाने लावलेली यादी आपोआप तारखेने लागते. सवयीने ‘११-५-२०१४’ लिहिलंत तर सगळ्या वर्षांच्या अकरा तारखा एका रांगेत येतात. दिवस आठवत नसेल तर ‘२०१४-०५-००’. ते महिन्याच्या आरंभी जाऊन बसतं.

‘कुटुंब’, ‘सहली’, ‘सणवार’ अशा कप्प्यांच्या भानगडीत पडू नका. गणपतीपुळ्याच्या सहलीत काढलेला आजीचा फोटो कुठे ठेवणार? दोन्हीकडे ठेवला की पुन्हा तीच दुक्कल. फोल्डर तारखेचं, आणि माणसांची नावं टॅगने, म्हणजे फोटोला जोडलेल्या शोधशब्दाने, द्यायची.

चाळीस हजार फोटो हाताने तारखेत लावणं होणार नाही. त्यासाठी डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याच्या टाइमलाइनमध्ये महिन्यांचे उभे पट्टे दिसतात. पट्टा निवडला की त्या महिन्याचे फोटो, ते कुठल्याही फोल्डरात असोत, एकत्र समोर येतात. ते निवडा आणि नव्या फोल्डरात ओढा. डिजिकॅम ज्याला अल्बम म्हणतं ते डिस्कवरचं खरं फोल्डर असतं, त्यामुळे फाइली खरोखरच तिथे जातात. चालू वर्षापासून मागे मागे जा. ताजे प्रसंग आठवतात आणि हात बसतो. सेटिंग्जच्या मेटाडेटा विभागात टॅग आणि मथळे फाइलमध्ये लिहिण्याच्या पर्यायांवर खूण आहे ना, ते आधीच पाहा. नसेल तर तुमची सगळी मेहनत त्या एका सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्येच अडकेल.

टाइमलाइन तारीख घेते ती फोटोच्या पोटातली. कॅमेरा फोटो काढतानाच ती फाइलमध्ये लिहितो. विंडोजच्या यादीत ‘डेट टेकन’ नावाचा रकाना असतो तो हाच. ‘डेट क्रिएटेड’वर भिस्त ठेवू नका. फाइलची प्रत केली की तिथे प्रत केल्याचा दिवस येतो, म्हणून लॅपटॉप बदलला की वीस वर्षांचे फोटो ‘गेल्या मंगळवारचे’ होऊन बसतात.

दुबार फोटोंकडे सगळ्यात शेवटी वळा. कॅमेऱ्याचे क्रमांक ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ वर येतात. त्यामुळे २००९ ची दिवाळी आणि २०१२ चं लग्न यांत एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असू शकतात. फाइली एकत्र करताना विंडोजने ‘रिप्लेस’ करू का विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर दिवाळी गेली. तिथे तुलना करण्याचा पर्याय निवडून दोन्ही फाइली ठेवा. त्याहून बरं म्हणजे हलवण्याआधीच डिजिकॅममध्ये सगळे निवडून एफ२ दाबा आणि नावापुढे तारीख-वेळ लावून घ्या. मग दुबार शोधायला च्काव्का (Czkawka) किंवा ड्युपगुरू (dupeGuru). ही मोफत सॉफ्टवेअरं नावाकडे न बघता फाइलच्या आतला मजकूर ताडून पाहतात. तंतोतंत सारख्या निघालेल्यांतली एक ठेवून बाकीच्या निर्धास्त काढा. ‘साधारण सारखे फोटो’ हा पर्यायही त्यांत असतो. त्याच्या यादीवर डोळे मिटून डिलीट मारू नका, कारण लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंत डोळे उघडे असलेला एकच असतो आणि तो कोणता हे त्याला कळत नाही.

प्रश्न : डिसेंबरात घरी लग्न झालं. न्यू जर्सीहून आलेल्या भावाच्या कॅमेऱ्यातली हळद आदल्या रात्रीची दाखवते. आमच्या मोबाइलचे आणि त्याचे फोटो एकत्र केले की सगळा क्रम विस्कटतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमेऱ्याचं घड्याळ न्यू जर्सीच्याच वेळेवर राहिलं. हिवाळ्यात ते आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. पण सरळ साडेदहा तास मिळवू नका; कॅमेऱ्याचं घड्याळ दोन-चार मिनिटं इकडेतिकडे असतंच.

दोन्हीकडे सापडेल असा एक क्षण शोधा. अंतरपाट बाजूला झाला तो क्षण कुणी सोडत नाही. मोबाइलच्या फोटोवर त्याची वेळ ११:४२:१० आहे आणि कॅमेऱ्याच्या फोटोवर ०१:०९:४०, तर फरक १० तास ३२ मिनिटं ३० सेकंद. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून त्याचीच खरी धरा. मग फक्त कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरात घेऊन डिजिकॅमच्या ‘आयटम’ मेनूतल्या तारीख-वेळ बदलण्याच्या खिडकीत तेवढा फरक मिळवा. हे दोन्हींचे फोटो एकत्र करण्याआधी करायचं. एकत्र झाले असतील तर कॅमेऱ्याच्या मॉडेलचा रकाना लावून वेगळे काढता येतात.

बॅटरी बराच काळ काढून ठेवलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जातं. अल्बममध्ये १ जानेवारीचे, कुणालाच न आठवणारे फोटो दिसले तर आधी हा संशय घ्या.

प्रश्न : नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंना खरी तारीखच नसते. काय करावं? आणि त्यांचा मोठा अल्बम छापता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : व्हॉट्सॲप फोटो पाठवताना पोटातली तारीख काढून टाकतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात ‘२०२३०५१४’ असे आठ आकडे आणि पुढे ‘डब्ल्यूए’ दिसतं. ती तारीख फोटो फोनवर आल्याची, काढल्याची नव्हे. त्याच दिवशी आलेल्या फोटोंपुरती ती चालते. मामाने पाच वर्षांनी पाठवलेल्या बारशाच्या फोटोला नाही चालत.

छपाईचं गणित : नेहमीच्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. ४ बाय ६ इंचाला ते पुरतं. १८ इंच रुंद पानावर इंचाला ८९ पिक्सेलच येतात आणि चेहरे चिखलासारखे दिसतात. एचडी निवडलं तर बरंच बरं, पण तेही मूळ नव्हे. मूळ फाइल हवी असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग तारीखही टिकते. आणि हे फोटो कॅमेऱ्याच्या फोटोंत मिसळण्याआधी एकदा चाळा. सूर्योदयावर सुविचार छापलेले तीन हजार ‘सुप्रभात’ पिढ्यान्‌पिढ्या जपायची गरज नाही.

प्रश्न : फोल्डरला मराठी नावं दिली तर पुढे त्रास होतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बेलाशक द्या. अडचणी तीनच, आणि तिन्ही टाळता येतात.

एक, नावात तिरकी रेघ, विसर्गासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह आणि तारा विंडोज घेत नाही. दोन, लांबी. लिनक्सवर आणि घरच्या नेटवर्क स्टोरेजच्या पेट्यांवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. ‘श्रीक्षेत्र’ लिहायला ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट गेले. एकूण ८५ चिन्हांत नाव बसवायचं.

तिसरी अडचण छुपी आहे. ‘अल्बम’ न लिहिता ‘ॲल्बम’ लिहिलंत, तर पहिलं अक्षर एका चिन्हाचंही असू शकतं, किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन दोन चिन्हांचंही. ‘दऱ्या’मधला अर्धा ‘र’सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखंच, पण शोधताना संगणक ‘सापडलं नाही’ म्हणतो. मोबाइलचा कळफलक एक पद्धत वापरतो, लॅपटॉपचा दुसरी. म्हणून नाव देताना अशी अक्षरं टाळा, किंवा फोल्डरांची नावं एकाच यंत्रावरून द्या.

प्रश्न : आयफोनचे फोटो लॅपटॉपवर उघडत नाहीत.
– एक वाचक, पणजी

उत्तर : ते हाइक (HEIC) प्रकारचे आहेत, २०१७ पासून आयफोन जागा वाचवण्यासाठी तसेच ठेवतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘हाइफ इमेज एक्स्टेन्शन्स’ आणि ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ टाका. पुढचे फोटो जेपेग हवे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. जुन्यांचं सरसकट जेपेग करू नका, दर्जा उतरतो आणि जागाही जास्त लागते.

प्रश्न : आईकडे १९७० च्या दशकातले अल्बम आहेत. घरच्या स्कॅनरवर किती डीपीआय ठेवावा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला ६००, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. त्याचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, म्हणजे दुप्पट आकारात छापता येतं. १२०० ने फाइल चौपट फुगते. कागदावरच्या प्रिंटमध्ये सहसा तेवढा तपशीलच नसतो. निगेटिव्ह असतील तर मात्र त्याच आधी स्कॅन करा, २४०० किंवा त्याहून वर. ३५ मिमीच्या चौकटीतून २४०० ला सुमारे ७.७ मेगापिक्सेल मिळतात.

मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, एक फोटो साधारण २५ एमबीचा होईल. आपोआप रंग सुधारण्याच्या पर्यायावरची खूण काढा. सुधारणा नंतर प्रतीवर होते, मुळातला गेलेला रंग परत येत नाही. काच कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. कोकणातल्या दमट हवेत फोटोवर बुरशीचे डाग असतील तर ओल्या फडक्याने घासू नका, वरचा थर जिलेटिनचा असतो, तो सुटून येतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर मेण न लावलेला दात साफ करायचा धागा मागून करवतीसारखा फिरवा. काचेला चिकटलेला फोटो ओढूच नका. काचेसकट स्कॅन करा.

फोटोची पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथे असतात. ‘डेट टेकन’मध्ये स्कॅनचा दिवस येऊ देऊ नका : फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये १ जानेवारी १९७८ असं भरा आणि मथळ्यात ‘साल अंदाजे, डावीकडून…’ म्हणून नावं. नावं आईजवळ बसूनच लिहून घ्या.

प्रश्न : सगळं गूगल फोटोजवर आहे. मग हार्डडिस्कचा खटाटोप कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिथे आणि फोनवर एकच फोटो आहे, दोन नव्हेत. फोनवरच्या गूगल फोटोजमध्ये पुसलात की वरूनही जातो. कचऱ्यात ६० दिवस असतो, मग संपला. फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, आता १५ जीबी मिळतात आणि त्यांत ईमेलही बसतं. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो बारीक केलेले आहेत. ‘टेकआउट’ या गूगलच्याच सोयीने सगळं उतरवून घेताना फोटोंबरोबर जेसन फाइली येतात, त्या फेकू नका : तुम्ही तिथे बदललेल्या तारखा आणि मथळे त्यांतच असतात.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरात शिरलं तेव्हा लॅपटॉप आणि हार्डडिस्क एकाच कपाटात असणाऱ्यांचं दोन्ही गेलं. तुमची एक डिस्क बहिणीकडे ठेवा. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला भेटाल तेव्हा अदलाबदल करा. घरातली डिस्क काम झालं की सोडवून ठेवा, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. वर्षानुवर्षं ठेवायला पेनड्राइव्ह नको. एसएसडी, म्हणजे आत फिरती चकती नसलेली डिस्क, तीही विजेविना फार काळ पडून असेल तर डेटा गमावू शकते. अदलाबदलीच्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहा आणि वेगवेगळ्या वर्षांतले वीस फोटो खरोखर उघडून बघा. नुसती नावं दिसतात म्हणून फोटो शाबूत आहे असं नसतं. अर्धा करडा पट्टा दिसला तर दुसऱ्या प्रतीवरून तो लगेच भरून घ्या.