कंपनी म्हणते रेंज ४५० किमी, जायचंय ७०० किमी: चार्जिंगचं गणित असं मांडा

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ६० युनिटची आहे, कंपनी ४५० किमी रेंज सांगते, मग ७०० किमीला वाटेत एकदाच फास्ट चार्जिंग करून १०० टक्के भरून घेतली तर भागेल का. नाही भागणार. दोनदा थांबा, आणि १०० टक्के घरून निघताना करा, वाटेत नको.

आधी ते ४५० डोक्यातून काढून टाका. तो टेस्टमधला आकडा आहे, त्यात सरासरी वेग कमी असतो आणि तुम्ही हायवेला सलग ताशी १००-११० ने जाणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, १०० चे १२० केलेत की तो ४४ टक्क्यांनी वाढला, वर कॅरियर बांधलं असेल, समोरून वारा असेल, पाऊस असेल तर अजून. म्हणून जायच्या आधी एखाद्या दिवशी ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी लावून, ज्या वेगाने खरंच जाणार त्याच वेगाने ५०-६० किमी चालवून परत या आणि एका किमीला किती वॅट-अवर लागले ते लिहून ठेवा. समजा १८० आले. एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर, तेव्हा ६० युनिटमध्ये जेमतेम ३३० किमी, आणि तेही पार शून्यावर आणलीत तर. मी १५ टक्क्यांच्या खाली जायचं धरतच नाही, तेव्हा घरून १०० वर निघून पहिला टप्पा २८० किमी, मग १५ वरून ८० पर्यंत भरलं की पुढचा टप्पा साधारण २१५. २८० आणि २१५ आणि २१५, झाले ७१०. दोन थांबे लागतात ते असे.

आता ८० च का, तर चार्जिंगचा वेग शेवटपर्यंत सारखा राहत नाही. बॅटरी रिकामी असताना ती भराभर घेते आणि भरत आली की सेल जपण्यासाठी गाडीच करंट कमी करते, त्यामुळे शेवटच्या २० टक्क्यांना बऱ्याच गाड्यांमध्ये आधीच्या ५०-६० टक्क्यांइतका वेळ जातो. तेवढ्या वेळात तुम्ही पुढच्या चार्जरच्या निम्म्या वाटेवर असता. पुढे चार्जरच नाही असा लांब पट्टा असेल तरच मी ९०-९५ करतो.

मशिनवर लिहिलेला आकडा बघून पण फसू नका, गाडी आणि मशिन यात जो कमी तोच वेग मिळतो. गाडी जास्तीत जास्त ७० किलोवॉट घेत असेल तर १५० च्या मशिनवर पण ७० च. बरं, ५० किलोवॉटच्या मशिनला १२५ अँपियरची मर्यादा असेल आणि तुमची बॅटरी त्यावेळी ३५० व्होल्टवर असेल तर हातात ४४ च येतात. आणि बऱ्याच ठिकाणी एका मशिनला दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे प्लग, असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की पॉवर वाटली जाते, त्यामुळे जागा असेल तर मी मोकळ्या मशिनवर लावतो. गन आपल्याला चालणारी आहे ना तेही बघा, सीसीएस-२, चाडेमो, जीबी/टी ही सगळी वेगवेगळी आहेत.

पण या सगळ्यापेक्षा मला कळकळीने सांगायचंय ते हे की एकाच चार्जरच्या भरवशावर टप्पा आखू नका. एकदा रात्री मी ७ टक्क्यांवर एका ठिकाणी पोचलो, तिथे एकच मशिन आणि ते बंद, ॲपमध्ये मात्र चालू दिसत होतं, पुढचं २६ किमीवर आणि मागे मुलं झोपलेली. एसी बंद करून ताशी ४५ ने गेलो, त्या वेगाला किमीला ११० वॅट-अवरच्या आसपास लागतात म्हणून पोचलो, पण ती पाऊण तासाची धाकधूक कुणाच्याच वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं. तेव्हापासून शक्यतो चार-सहा गन असलेलीच जागा निवडतो, आणि तिथे काहीच चाललं नाही तर उरलेल्या चार्जमध्ये गाठता येईल असा दुसरा चार्जर आधीच शोधून ठेवतो. १५ टक्के राखायचे ते यासाठीच, तुमच्या गाडीत ते ९ युनिट होतात, म्हणजे ५० किमी. आखणीला ए बेटर रूटप्लॅनर हे ॲप वापरा, त्यात तुमचा १८० चा आकडा घाला, आणि प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर त्या जागेवर शेवटचं कुणी कधी चार्ज केलं ते वाचा, चारच दिवसांपूर्वी कुणी नीट चार्ज करून गेलं असेल तर मला तेवढा दिलासा पुरतो. चार्जिंग कंपन्यांची ॲप घरीच उतरवून लॉगिन करून पैसे भरून ठेवा, ऐनवेळी नेटवर्क नसतं.

वाटेत चढ असेल तर अंतर बघून भागत नाही. माणसं-सामान धरून २ टनाची गाडी १००० मीटर वर न्यायची तर नुसत्या उंचीला साडेपाच युनिट लागतात, वाया जातं ते धरून ६, म्हणजे तुमचे सरळ १० टक्के. उतरताना त्यातलं बरंचसं रीजेनने, म्हणजे वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्याने, परत येतं, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ते घ्यायला जागाच नसते, म्हणून वर डोंगरात १०० टक्के करून उतरायला लागू नका.

थंडी असेल तर बॅटरी गार असताना फास्ट चार्जर पण हळू चालतो. तुमच्या गाडीत सोय असेल तर नेव्हिगेशनमध्ये चार्जर हेच ठिकाण टाका, मग ती वाटेतच बॅटरी गरम करत नेते.

आणि मुक्कामाला काय आहे ते आजच फोन करून विचारा. साधं १५ अँपियरचं सॉकेट जरी मिळालं तरी रात्रभरात १० तासांत २५-३० युनिट जातात, परतीचा पहिला टप्पा त्यावर निम्मा होतो. तो किमीला किती वॅट-अवर लागतात याचा आकडा काढलात की इथे टाका, वाटेत चढ किती तेही सांगा, थांबे कुठे घ्यायचे ते मिळून बघू.